भाड्याच्या खोलीतला मांजरीच्या मुताचा वास
खोली सोडताना हा वास राहिला ना, तर पुढच्या भाडेकरूले लय तरास होते, म्हणून लिहून राहिली. नुसतं फिनाईल मारून काही होत नाही बाप्पा, मुतातलं युरिक अॅसिड पाण्यात नीट विरघळतच नाही, ते फरशीच्या सांध्यात अन् सिमेंटच्या छिद्रांत बसते आणि पावसाळ्यात हवा दमट झाली का वास पुन्हा उठते. रात्री लाइट बंद करून यूव्ही टॉर्च (जांभळट अतिनील उजेडाची बॅटरी) फिरवा, मुताचे डाग चमकतात. तिथल्या सांध्यातली काळी माती खिळ्यानं खरवडून काढा, मग एन्झाइमवालं क्लीनर (हे युरिक अॅसिड तोडून टाकते) भरपूर ओता, मुरू द्या, लगेच पुसू नका. ब्लीच बिलकुल नको, मुतातल्या अमोनियासोबत विषारी वायू बनते! पूर्ण वाळल्यावरच सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरा.