निळा रंग खाली का उतरला? फायकोसायनिन, नोंद ३

फायकोसायनिन म्हणजे स्पिरुलिना या शेवाळातलं निळं प्रथिन. ते गाळताना मागच्या खेपेला नायलॉनच्या फिल्टरनं घात केला. पडदा निळाशार आणि खाली फिकट पाणी. छिद्रं बारीक म्हणून नव्हे, नायलॉनला प्रथिनं चिकटतात म्हणून. या वेळी ०.२२ मायक्रॉनचा पीईएसचा (पॉलिइथरसल्फोन, याला प्रथिनं फार कमी चिकटतात) सिरिंज फिल्टर आणला.

स्पिरुलिनाची २ ग्रॅम पूड पीएच ७ च्या ५० मिली फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) कालवली, तीनदा गोठवून वितळवली, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. तळाशी हिरवा गाळ, वर शाईसारखी निवळ. आरपार पाहिली तर निळी, बाजूनं टॉर्च मारला की लाल चमकते. ती लाली कितीही वेळा पाहिली तरी पुन्हा पाहावीशी वाटते!

०.२२ मायक्रॉन म्हणजे २२० नॅनोमीटर. फायकोसायनिनचा रेणू चकतीसारखा, जेमतेम ११ नॅनोमीटर रुंद. त्यामुळे सगळा निळा रंग सुखानं खाली उतरला, वर पेशींचा उरलासुरला कचरा राहिला. जंतू गाळणारा फिल्टर प्रथिनं अडवत नाही, हे इथं डोळ्यांनी दिसतं. रंगद्रव्य प्रथिनाला पक्क्या बंधानं जोडलेलं असतं, म्हणून निळा दिसेल तिथं प्रथिन आहेच.

मग द्रावण दाट करायला १०० किलोडाल्टनची (रेणूच्या वजनाचं एकक) अल्ट्राफिल्ट्रेशन ट्यूब, म्हणजे प्रथिनं अडवण्याइतका बारीक पडदा असलेली. फायकोसायनिनमध्ये दोन प्रथिनसाखळ्यांची एक जोडी, आणि अशा तीन जोड्यांचं त्रिक सुमारे ११० किलोडाल्टनचं, म्हणजे वरच राहील असा माझा हिशेब. पण खालचं पाणी स्पष्ट निळसर आलं. चूक हिशेबातच होती. गोलसर प्रथिनाचं वजन आठपट झालं तरी व्यास फक्त दुप्पट होतो, त्यामुळे ११० आणि १०० यांच्या व्यासात फरक उरतो जेमतेम ३ टक्के. ट्यूबवरचा आकडा तर छिद्राचं माप नसतोच. त्या वजनाचं प्रथिन साधारण ९० टक्के अडतं, एवढाच त्याचा अर्थ. छिद्रं लहानमोठी असतातच. त्यात द्रावण पातळ असलं की त्रिक सुटून ४० किलोडाल्टनच्या आसपासच्या जोड्या होतात, आणि त्या तर सहज निसटतात.

म्हणून प्रथिनाच्या वजनाच्या निम्म्या ते एक-तृतीयांश आकड्याचा पडदा घ्यायचा. काल ३० किलोडाल्टनची ट्यूब लावली. वेळ बराच जास्त लागला, पण खाली आलं ते पिवळसर, निळ्याचा मागमूस नाही. वर १५ मिलीचं १ मिली झालं, इतकं गडद की ट्यूब तिरकी केल्यावरच तिच्या कडेवर निळा ओघळ दिसतो. आता दोनदा ताजा बफर घालून ते पिवळं धुऊन काढतो आणि ६२० (फायकोसायनिन) व २८० (सगळी प्रथिनं) नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर मोजतो. ०.७ ओलांडलं तर खाद्य दर्जापर्यंत पोचलो.