उसव, परत घाल

शाळेच्या स्मरणिकेच्या मराठी विभागासाठी लिहिशील का, असा फोन आला तेव्हा आधी हसूच आलं. आपल्या शाळेत मराठीचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा. निम्मा वर्ग पेंगत असे आणि उरलेला निम्मा ऱ्हस्वदीर्घावरून बोलणी खात असे. मी दुसऱ्या निम्म्यातली. इंग्रजी विभागात डॉक्टर, वकील, बँकवाल्या मैत्रिणी शाळेने आपल्याला काय काय दिलं ते लिहितीलच. मला सिस्टरांविषयी, म्हणजे शाळा चालवणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींविषयी लिहायचंय. एकेकीविषयी नव्हे, त्या सगळ्या मिळून जे काही होत्या त्याविषयी.

पहिली-दुसरीत आमची ठाम समजूत होती की या सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. नाहीतर सिस्टर कशाला म्हणायचं? डोक्यावरच्या कापडी ‘वेल’खाली केस नसतात, रात्री त्या चॅपलमध्येच, म्हणजे शाळेतल्या प्रार्थनाघरातच झोपतात आणि त्यांना भूक लागत नाही, हेही आम्हाला पक्कं ठाऊक होतं. पाचवीत असताना एकदा ऑफिसबाहेर शिक्षा म्हणून उभी होते. आत गणिताच्या सिस्टर फोनवर बोलत होत्या. वसईकडची बोली, आमच्या घरच्यापेक्षा वेगळी, पण मराठीच. आईला विचारत होत्या, औषध घेतलंस का म्हणून. मी वर्गात जाऊन बातमी फोडली : सिस्टरांना आई आहे! कोणी विश्वास ठेवला नाही.

पुढे कळलं, की एक मंगळूरची, दोघी केरळच्या, एक गोव्याची, स्वयंपाकघर बघणारी छोटानागपूरकडची. जेवणाच्या टेबलावर इंग्रजी, रागावल्या की ज्याची त्याची मातृभाषा. दर काही वर्षांनी बदली, थेट सरकारी अधिकाऱ्यासारखी. फरक एवढाच की सामान एका ट्रंकेत मावायचं. शिकवण्याचा पगार स्वतःच्या हातात राहत नसे, तो सगळ्यांच्या सामायिक खात्यात जायचा. नवा चष्मा हवा तर सुपिरिअरना, म्हणजे त्यांच्यातल्या प्रमुखांना सांगायचं. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकपणा ही तीन व्रतं आम्ही मूल्यशिक्षणाच्या तासाला पाठ केली होती, पण त्यातलं पहिलं मला त्या चष्म्यावरून कळलं.

मग या इतक्या ठिकाणच्या बायकांना एकत्र बांधणारं काय होतं? याचं उत्तर खरं तर जिन्याच्या वळणावर टांगलेलं होतं. तसबिरीतल्या, काळा पोशाख आणि पांढरी झालरीची टोपी घातलेल्या त्या बाईंना, म्हणजे सिस्टरांच्या संस्थेच्या संस्थापिकेला, आम्ही ‘क्लॉडीन थेवेनेट’ म्हणायचो. फ्रेंच लोक ‘क्लोदीन तेवने’ म्हणतात हे मी चाळिशी उलटल्यावर ऐकलं. वर्षानुवर्षं आम्ही त्यांच्यासमोरून रांगेत गेलो आणि एवढंच ठरवलं की या बाई आपल्यावर रागावल्या आहेत.

त्यांची गोष्ट आम्हाला सांगितली ती शिवणाच्या सिस्टरांनी. शिवणाच्या तासाला त्यांचं एकच वाक्य : “उसव, परत घाल.” धावदोरा असो, उलटी टीप असो की काज, टाका वाकडा दिसला की कापड परत. आवाज चढायचा नाही, चेहरा बदलायचा नाही. तुरपाईचा एकच रुमाल मी चारदा उसवला आहे. शेवटी त्यावर सुईच्या भोकांचीच नक्षी झाली. हात चालू असताना कान रिकामे असतात म्हणून त्या गोष्टी सांगत, आणि बहुतेक गोष्टी ल्योंच्या.

ल्यों हे फ्रान्समधलं रेशमाचं शहर. क्लोदीनचा जन्म 1774चा, वडील रेशमाचे व्यापारी, घरी तिला ग्लाडी म्हणत. 1793मध्ये या शहराने पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध उठाव केला, शहराला वेढा पडला, ते पडलं आणि मग शेकड्यांनी माणसं मारली गेली. जानेवारी 1794मध्ये तिच्या लुई आणि फ्रान्स्वा या दोन भावांना गोळ्या घातल्या. ती एकोणीस वर्षांची होती. जाताना भाऊ तिला सांगून गेले : ग्लाडी, आम्ही माफ करतो तसं तूही माफ कर.

पुढची वीस वर्षं तिने काही स्थापन वगैरे केलं नाही, हे मला आज फार महत्त्वाचं वाटतं. घर सांभाळलं, आसपासच्या गरिबांकडे लक्ष दिलं. 1815मध्ये सेंट निझिए चर्चच्या पायऱ्यांवर सोडून दिलेल्या दोन लहान मुली आंद्रे क्वांद्र या तरुण धर्मगुरूंना सापडल्या आणि त्यांची सोय बघता बघता गोष्ट क्लोदीनपर्यंत आली. 5 ऑक्टोबर 1818 रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ती आईचं घर सोडून क्रुआ-रूसच्या टेकडीवर राहायला गेली. सोबत एक कामकरी बाई, एक अनाथ मुलगी आणि रेशमाचा एक माग.

माग! इथे शिवणाच्या सिस्टर सुई खाली ठेवायच्या. संस्था सुरू झाली ती फळा-खडूने नव्हे, हे त्यांना आमच्या मनावर ठसवायचं असे. मुलीच्या हाताला कसब आलं तर ती कुणाच्या दारात उभी राहणार नाही, असा तो हिशेब. आणि त्या पहिल्या रात्री क्लोदीनला काय वाटलं? आपण एक वेडं, उद्धट धाडस करून बसलोय आणि ते तडीस जाईल याचा काहीच भरवसा नाही, असं तिने स्वतःच नंतर सांगितलंय. बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मला हे आठवलं होतं आणि भूगोलाचा जरा धीर आला होता.

ल्योंचे लोक म्हणतात, आपल्याकडे दोन टेकड्या आहेत, एक काम करणारी आणि एक प्रार्थना करणारी. क्रुआ-रूस कामाची, तिथे विणकरांची वस्ती, मागाची उंची मावावी म्हणून घरांची छतंही उंच. फुर्विएर प्रार्थनेची. 1820मध्ये क्लोदीनचं बिऱ्हाड पहिल्या टेकडीवरून दुसरीवर गेलं, पण कामही सोबतच गेलं. तिथेही मुली रेशीम विणत राहिल्या. आपल्या शाळेत चॅपल आणि शिवणाची खोली एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून होती. ती जागेच्या टंचाईमुळे असणार, पण मला तो योग आवडतो.

संस्थेचं नाव येशू आणि मरिया यांचं. क्लोदीन 1837मध्ये गेली. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1842 साली, तिच्या काही भगिनी भारताकडे निघाल्या. सुएझचा कालवा व्हायला अजून सत्तावीस वर्षं होती, इथे रेल्वे यायला अकरा. वर्षाच्या सुरुवातीला ल्यों सोडलं, आग्र्याला पोहोचल्या नोव्हेंबरात. 1857मध्ये त्यांना मुलींसह आग्र्याच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. या सगळ्याला दुसरी बाजू आहेच, हेही लिहायला हवं. त्या आल्या कंपनी सरकारच्या काळात, आणि सुरुवातीच्या शाळा मुख्यतः गोऱ्या साहेबांच्या मुलींसाठी होत्या. गोऱ्या लोकांसाठी काढलेल्या घरात आमच्यासारख्या शिरल्या कशा, हा इतिहास कुणी तरी नीट लिहावा. जुन्या पद्धतीत सिस्टरांमध्येही दोन पायऱ्या असत : शिकवणाऱ्या ‘मदर’, आणि रांधणाऱ्या-धुणाऱ्या ‘सिस्टर’. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965मध्ये साऱ्या धर्मसंघांना सांगितलं, की आपापल्या संस्थापकांचा मूळ हेतू काय होता तो पुन्हा शोधा आणि त्याप्रमाणे वागा. मग पायऱ्या गेल्या, मदर जाऊन सगळ्या सिस्टर झाल्या, जड झगे हलके झाले, काहीजणी साडीत आल्या. शिवणाच्या सिस्टर हे सांगायच्या तेव्हा पुढे म्हणायच्या, “आम्हीसुद्धा उसवलं आणि परत घातलं.”

आता 1993. मी आठवीत होते. मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींत जे झालं ते आमच्या वयाच्या कुणाला सांगायला नको. शाळा बरेच दिवस बंद होती. उघडली तेव्हा माझ्या बाकावरची मैत्रीण आली नाही. ती फेब्रुवारीत आली. वडिलांचं दुकान जळलं होतं. ते तिने मला सांगितलं नाही, मला घरी बाबांच्या बोलण्यातून कळलं. 12 मार्चच्या शुक्रवारी बॉम्बस्फोट झाले. आणि 21 मार्चच्या रविवारी रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल क्लोदीनला संत म्हणून जाहीर करणार होते. मधल्या आठवड्यात शाळेत त्याची तयारी : फुलं, गाणी, भित्तिपत्रकं. त्यातल्या एका पत्रकावर मी स्वतः पोस्टर कलरने लिहिलं होतं, ‘फर्गिव्ह, ग्लाडी’.

शिवणाच्या तासाला मैत्रीण उठून उभी राहिली. म्हणाली, “सिस्टर, तिला तिच्या भावांनी सांगितलं होतं, माफ कर म्हणून. मला कोणीच सांगितलं नाही.”

वर्ग गप्प. मला वाटलं, आता प्रवचन होणार. सिस्टर बराच वेळ हातातल्या रिळाचा दोरा गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरोबर आहे. आणि तुला ते दुसऱ्या कोणी सांगूही नये. मीसुद्धा नाही.” थोडं थांबून त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी तोवर एकाही भित्तिपत्रकावर नव्हती. भाऊ गेले त्या दिवसापासून क्लोदीनचं डोकं थरथरायचं, श्वास कोंडायचा. ते कधीच बरं झालं नाही. माफ केल्यावरही मान हलतच राहिली. “चित्रकाराला ते काढता येत नाही,” सिस्टर म्हणाल्या. मैत्रीण बसली. त्या दिवशी कुणाचंच कापड परत आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सिस्टरांची बदली झालेली होती. एक ट्रंक.

हे सगळं छापायचं म्हणून मी मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, लिही, नाव घालू नकोस. मग विचारलं, त्या असतात कुठे आता? थकलेल्या सिस्टरांना ठेवतात त्या घराचा पत्ता मी शोधून दिला. मागच्या महिन्यात ती एकटीच जाऊन आली. दोन तास बसली होती म्हणे. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फक्त तिच्या ओढणीची एक बाजू उसवली होती ती शिवून आलेली दिसली. सिस्टरांना आता नीट दिसत नाही. टाके चांगलेच वाकडे पडले होते.

“उसवून परत घालून देऊ का?” मी म्हटलं.

तिने ओढणी माझ्या हातातून काढून घेतली.