बर्फ मिळेना म्हणून

क्योतोतला जून म्हणजे आपल्याकडचा पाऊस पडायच्या आधीचा चिकचिकाट, तोच महिनाभर लांबवलेला. सकाळी वाळत घातलेले कपडे संध्याकाळी जास्तच ओले लागतात. अशा दिवसांत मिठाईच्या दुकानावरून जाताना नुसतं काचेआड बघून बरं वाटतं. पारदर्शक जेलीत एक लाल मासोळी थबकलेली. शेजारी निळ्या-जांभळ्या चौकोनी कणांनी मढवलेलं हायड्रेंजियाचं फूल, नुकतंच पावसात भिजल्यासारखं. ही सगळी करामत कांतेनची, म्हणजे आपल्या चायना ग्रासची. मिठाई थंडगार असो नसो, ती थंड दिसायला मात्र हवी, असा इथला हिशेब. (फुकुई प्रांतवाल्यांचं वेगळंच. उन्हाळ्यातलं म्हणून मिरवणारं मिझु-योकान, म्हणजे गोड पुरणाची मऊ जेली, ते ऐन थंडीत खातात.)

पण माझा जीव मिनाझुकी नावाच्या मिठाईवर. दिसायला अगदीच साधी. पांढरा त्रिकोण आणि वर पाकात मुरलेल्या अझुकीचे, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचे, लाल दाणे. आई इथे आली होती तेव्हा तिच्यापुढे बशी ठेवली, तर म्हणाली, "अगं, यावर उसळ सांडलीय का?"

खालचा पांढरा थर उइरोचा. तांदळाचं पीठ, साखर, पाणी, आणि मग वाफ. सोबत कुरोमोजी झुडपाची काडी मिळते, एका बाजूला साल तशीच ठेवलेली. तिने कापायला गेलं की त्रिकोण आधी दबतो, मग नाइलाजाने तुटतो. आईने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे बारीक केले. "तवकिलाच्या वडीची बहीण," असा निकाल आला.

मग तिला त्रिकोणाची गोष्ट सांगितली. हिवाळ्यातला बर्फ डोंगरातल्या हिमुरोत, म्हणजे बर्फाच्या कोठारात, साठवायचा आणि जुन्या पंचांगातल्या सहाव्या महिन्यात तो दरबारी मंडळींनी खायचा. सामान्यांच्या नशिबी कुठला बर्फ? म्हणून त्यांनी बर्फाच्या तुकड्याच्या आकाराची मिठाई केली, असं इथे सांगतात. लाल दाणे अरिष्ट टाळायला. खायची 30 जूनला, वर्ष निम्मं सरलं म्हणून. त्या दिवशी देवळांत गवताचं मोठं कडं उभारतात. त्यातून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे वळत जायचं, की सहा महिन्यांचं किल्मिष गेलं.

नावही गमतीचं, त्या सहाव्या महिन्याचंच. लिहिलेली अक्षरं वाचली तर 'पाणी नसलेला महिना', आणि बाहेर छत्री उलटी होतेय! एक मत असं की मधला 'ना' नकाराचा नाहीच, तो आपल्या 'चा'सारखा जुना प्रत्यय. म्हणजे पाण्याचा महिना. मला हेच पटतं, छत्रीलाही.

आता कोपऱ्यावरच्या दुकानात बर्फाची पिशवी चोवीस तास मिळते. तरी 30 तारखेला मिठाईवाल्याकडे रांग असतेच. त्या रांगेत आईही उभी राहिली, गुडघे दुखत असताना. घरी येऊन तिने दाणे आधी वेगळे काढले आणि शेवटी एकेक करून तेही संपवले.

1 जुलैला तिला पुन्हा हवी झाली. दुकानात त्या जागी बांबूच्या नळीतलं मिझु-योकान मांडलेलं. मी विचारलं तर बाईंनी कमरेत वाकून माफी मागितली. मिनाझुकी आता पुढच्या जूनमध्ये.

"बरोबर आहे त्यांचं. गुळपोळी आपण तरी कुठे जुलैत लाटतो?" आई म्हणाली. आणि बांबूची नळी उचलून आतलं बाहेर कसं काढायचं ते बघू लागली.