खिळ्यावरची फ्रेम

मी मागायच्या आतच तिने फ्रेम खिळ्यावरून काढली होती.

नोव्हेंबर 2015. यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूचं गाव. कापसाची वेचणी सुरू, पण पऱ्हाटीला बोंडं मोजकीच. नवऱ्याने आत्महत्या केली त्याला दोन महिने झाले होते. आमचा वार्ताहर आत सासऱ्याशी सातबाऱ्याचं बोलत बसला. ती बाहेर आली, पदराने काच पुसली आणि उंबरठ्यावर अंग थोडं तिरकं करून बसली.

"इथं उजेड बरा येते, भाऊ." मग फ्रेम वरून किंचित पुढे कलवली. "काच चमकते म्हनत होते मांगचे साहेब."

बरोबर होतं तिचं. काचेत आभाळ उमटतं, म्हणून आम्ही सगळेच फ्रेम कलवायला सांगतो. मीच कितीजणींना सांगितलं असेल. आतल्या नवऱ्याला स्टुडिओवाल्याने निळा कोट चढवला होता. चेहरा लग्नाच्या फोटोतला, कोट कुणाचा देव जाणे.

आमच्या धंद्यातल्या नीतीची चर्चा निघाली की केव्हिन कार्टर येतोच. 1993 मध्ये सुदानात त्याने टिपलेलं ते भुकेलं मूल आणि मागे बसलेलं गिधाड. 1994 ला त्यासाठी पत्रकारितेतला मोठा पुलित्झर पुरस्कार, त्याच वर्षी त्याची आत्महत्या. मग ठरलेला प्रश्न: फोटो काढायचा की मुलाला उचलायचं? यावर मीही तावातावाने भांडलोय. पण इतक्या वर्षांत मला गिधाड एकदाही भेटलं नाही. भेटते ती ही फ्रेम. आणि ती धरणारी बाई कधी नाही म्हणत नाही.

का म्हणत नाही, ते त्या दिवशी कळलं. "फोटो छापून आला त पैसे लवकर भेटतीन का?"

सरकारी मदत एक लाखाची. 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. पण आधी समितीने प्रकरण 'पात्र' ठरवायचं. इथे जमीन सासऱ्याच्या नावावर, म्हणून कागद अडकलेले. माझ्या फोटोने ते हलणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "बघू." तिने त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि मी घेऊ दिला. कॅमेरा वर केला. तिचे डोळे भरून आले. सात-आठ फोटो झाले असतील.

डोळे पुसत ती म्हणाली, "रडतानीचा नका देऊ, भाऊ. मांगच्या खेपी आला होता, त वर्गातले पोट्टे पोरीले चिडवत, तुयी माय पेपरात रडते."

फ्रेम परत खिळ्याला गेली. पुढचा तासभर मी तिच्यामागे वावरात होतो. ओटीत कापूस, बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली बोटं. चेहरा नाही. रात्री लॉजवरून तो एकच फोटो पाठवला. रडतानाचे कार्डावरून पुसून टाकले, पेपरच्या डेस्कचा फोन आला तर आपण विरघळू म्हणून.

फोन आलाच. "हे हात काय, कुणाचेही असतील. दुसरं काही?"

"नाही."

सकाळी एसटी स्टँडवर पेपर घेतला. तिची बातमी, तिच्या गावाचं नाव, आणि चार कॉलमी फोटो: उंबरठा, डोळ्यांत पाणी, पुढे कलवलेली फ्रेम. बाई दुसरीच. तीन वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यात काढलेली. खाली बारीक अक्षरांत 'संग्रहित छायाचित्र', आणि शेजारी माझं नाव.