तुम्ही विचारलंत म्हणून : कुठला माईक घेऊ?

“काकू, घरीच कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड करायचंय. कुठला माईक घेऊ?”

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. कधी गाणं शिकणारी शेजारची मुलगी विचारते, कधी एखाद्या मुलाची आई. स्पर्धेला ध्वनिफीत पाठवायची असते आणि मुदत आठवड्यावर आलेली असते. ग्वाल्हेरला हे साहजिकच आहे. 1918पासून माधव संगीत महाविद्यालय इथे आहे, आणि शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत अजूनही कोपऱ्यात गवसणी घातलेला तानपुरा दिसतो. गाणारे पुष्कळ आहेत. आता प्रत्येकाच्या घरी लॅपटॉपही आहे.

माझं उत्तर ठरलेलं असतं. माईकचं मागाहून बघू, आधी तुमची खोली ऐकून या.

मुलं जरा हिरमुसतात. त्यांना एक नाव हवं असतं, जे ऑनलाइन मागवता येईल. पण मी हे का म्हणते, ते नीट सांगायचं तर आत्याबद्दल सांगावं लागेल.

माझी आत्या ग्वाल्हेर गायकी शिकलेली. जाहीर मैफली तिने केल्या नाहीत. घरी गायली, देवळात गायली, नवरात्रात बायकांच्या भजनात गायली. तिच्याजवळच्या काही बंदिशी मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेल्या नाहीत. आठ वर्षांपूर्वी, तिला शहात्तरावं लागलं तेव्हा, मी ठरवलं की हे सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं. ग्वाल्हेर घराण्याच्या ज्या हद्दू खाँसाहेबांचं नाव घेताना आमच्या घरी कानाच्या पाळीला हात लागतो, त्यांचा आवाज आज कोणालाच ऐकता येत नाही. त्यांच्या काळात ध्वनिमुद्रण नव्हतंच. त्यांचे चिरंजीव रहिमत खाँ यांच्या तबकड्या आहेत, पण त्याही उतारवयातल्या, आणि एकेका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. घराण्याची ही स्थिती, आणि आपल्या टेबलावर तासन्‌तास रेकॉर्ड करणारं यंत्र पडून आहे, हे मला बघवेना.

मग मीही तेच केलं, जे तुम्ही करायला निघालात. आधी माईक आणला. महाराज बाडा चौकाजवळच्या एका दुकानात कंडेन्सर माईक मिळाला आणि ‘सरळ लॅपटॉपला लावा’ असं सांगण्यात आलं. घरी आणून लावला तर विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज. अशा माईकला 48 व्होल्टचा वीजपुरवठा लागतो, त्याला फँटम पॉवर म्हणतात, आणि तो लॅपटॉपच्या भोकातून मिळत नाही. त्यासाठी मध्ये ऑडिओ इंटरफेस लागतो. इंटरफेस म्हणजे माईकचा आवाज घेऊन त्याचे आकडे करून यूएसबीवाटे कॉम्प्युटरला देणारी छोटी पेटी. तीही आणली. आवाज स्वच्छ आला, आणि तेव्हा कळलं की खरा घोटाळा खोलीतच आहे.

आमचं घर जुनं, दगडी. खाली फरशी, चारी बाजूंनी दगडी भिंती, छतसुद्धा दगडी पटियांचं. उन्हाळ्यात या दगडाचे उपकार आहेत. पण अशा खोलीत टाळी वाजवून बघा: टाळी संपते आणि तिच्यामागे एक ‘टर्रर्र’ उरतो. समोरासमोरच्या दोन कडक भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत राहतात. आपण खोलीत बसलेलो असताना कान हे सगळं गाळून टाकतो, कारण त्याला गाणाऱ्याकडे लक्ष द्यायचं असतं. माईक काहीच गाळत नाही. आत्याची मुरकी त्याला जशी ऐकू येते, तशीच ती भिंतीवर आपटून परत आलेलीही ऐकू येते. दोन्ही एकात एक मिसळले की पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने ते पुरते वेगळे निघत नाहीत.

म्हणून टाळी. घरातल्या प्रत्येक खोलीत वाजवा. जिथे ती कोरडी वाजून थांबते, ती तुमची रेकॉर्डिंगची खोली, मग ती अडगळीची का असेना. आमच्याकडे ती निघाली गाद्या-गोधड्या ठेवायची माडीवरची खोली. पूर्वी थंडीत प्रत्येकाला कापसाची जाड रजई लागायची, त्यामुळे रजयांचा ढीग होताच. दोन खिळे मारून दोरी बांधली आणि चार रजया टांगल्या. ढीग तसाच राहू दिला, तोही आवाज खातो. रजया कुठे टांगायच्या, यात बहुतेक जण चुकतात. माईकच्या मागे टांगतात. माईकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणजे त्याला दिसते ती गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. पहिली रजई तिथे हवी. मग दोन्ही बाजूंना. रजया नसतील तर साड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसा.

आता खोलीतले बाकीचे आवाज. साधा गाण्याचा माईक पुढून ऐकतो आणि पाठीमागून फार कमी. म्हणून खिडकी, रस्ता, जे काही नको असेल ते माईकच्या पाठीशी येईल असं बसा. पंखा बंद. कूलर तर बंदच, त्यामुळे आमच्याकडे एप्रिल ते जून दिवसा रेकॉर्डिंग होत नाही, पंचेचाळीस अंशांत गाणाऱ्याला कोंडून ठेवण्यात अर्थ नसतो. फ्रिज शेजारच्या खोलीत असला तरी मध्येच घरघरायला लागतो. तो बंद करा आणि स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवा. चावीशिवाय बाहेर पडता येत नाही, त्यामुळे तो पुन्हा चालू करायला विसरणार नाही. ध्वनिमुद्रणवाल्यांची ही जुनी युक्ती आहे, माझं दूध तिने पुष्कळदा वाचवलंय.

एक आवाज मात्र असा आहे, जो खोलीत नसतोच. तारेतून येतो. आपली वीज 50 हर्ट्झची, तिची गुणगुण 50, 100, 150, 200 अशा पटीत उमटते. जुन्या घरात अर्थिंग धड नसेल तर ती हमखास येते. आत्याचा सा पेटीची काळी चार, म्हणजे साधारण 208 हर्ट्झ. शेजारी 200चा बारीक धागा चालू असेल तर तो तिच्या षड्जाला जवळजवळ लागतो, पण लागत नाही. तानपुरा कितीही मन लावून मिळवा, हेडफोनमध्ये काहीतरी सतत बेसूर वाटत राहतं. मी दोन दिवस तानपुऱ्याच्या जवारीला दोष देत होते. लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली आणि गुणगुण गेली. तेव्हापासून आमच्याकडे रेकॉर्डिंग बॅटरीवरच होतं.

खोली झाली, मग अंतर. तोंड आणि माईक यांच्यात एक वीत, फार तर दीड. अंतर दुप्पट केलं की गळ्याचा आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, खोलीचा मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून लांब बसलं की खोली पुढे येते आणि गाणं मागे जातं. अगदी ओठांशी नेलात तर खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ला माईकवर फुंकर बसते. माईक तोंडासमोर नको, किंचित बाजूला असू द्या, आणि मध्ये कशिद्याच्या गोल फ्रेमवर ताणलेलं पातळ नायलॉनचं कापड. तेवढं पुरतं.

आता जे सांगायला अजूनही जड जातं ते. पहिल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आत्या भूप गायली, आणि शेवटी तराणा. सुरुवातीच्या आलापाला आवाज बारीक येतोय असं वाटून मी इंटरफेसचं गेनचं, म्हणजे माईकचा आवाज किती मोठा करून घ्यायचा ते ठरवणारं, बटण वर फिरवून ठेवलं होतं. तराण्यात ती तार षड्जावर गेली आणि लाल दिवा लागला. मला दिसला. तिला थांबवायचा धीर झाला नाही. नंतर ऐकलं तर वरचा प्रत्येक स्वर फाटलेला, काच घासावी तसा. डिजिटलमध्ये वरच्या मर्यादेला लागलेला आवाज तिथेच छाटला जातो. तो कानाला कळणार नाही इतका दुरुस्त करता येत नाही. आत्या म्हणाली, “अगं, उद्या परत गाते.” गायलीही. पण तो तराणा तो नव्हता, हे तिलाही कळलं आणि मलाही.

म्हणून हे काटेकोर पाळा. रेकॉर्डिंग 24 बिटवर ठेवा. सीडीच्या 16 बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे 96 डेसिबलची जागा असते, 24 बिटमध्ये हिशेबाने 144. म्हणजे आवाज खाली ठेवला तरी खरखर अंगावर येत नाही. गाणाऱ्याला आधी त्याची सर्वांत चढी तान घ्यायला सांगा आणि ती पडद्यावरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास थांबेल इतकंच गेन द्या. आलाप पडद्यावर किरकोळ दिसेल. दिसू द्या, तो मागाहून वाढवता येतो.

सॉफ्टवेअरवर मी फार बोलत नाही. ऑडॅसिटी 2000पासून फुकट मिळतं आणि एका गाणाऱ्याला वर्षानुवर्षं पुरतं. पेटी, तबला, गळा वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायची वेळ आली की रीपर बघा, साठ दिवस वापरून मग पैसे भरायचे. वेगळ्या ट्रॅकवर गाताना मात्र एक गोष्ट छळते: हेडफोनमध्ये आपला आवाज उशिरा येतो. कॉम्प्युटर आवाज मूठमूठ करून घेतो. मूठ 1024 नमुन्यांची असेल आणि सेकंदाला 44,100 नमुने (44.1 किलोहर्ट्झ) घेतले जात असतील तर एकेरीच 23 मिलिसेकंद जातात, म्हणजे आठ मीटरवर बसून स्वतःला ऐकण्यासारखं. ताल हमखास ढळतो. ती मूठ, बफर म्हणतात तिला, 128वर आणा, किंवा इंटरफेसवर ‘डायरेक्ट’चं बटण असेल तर ते वापरा, मग आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. आत्याने दोन्ही कानांवर हेडफोन कधीच चढवू दिला नाही. एक कान तानपुऱ्यासाठी उघडा. तिचं बरोबर होतं, म्हणून मी गळा आणि तानपुरा एकाच माईकवर, एकत्रच घेते. तानपुरा किती ऐकू यावा, हे बटणाने नाही, जागा सरकवून ठरवायचं.

सूर आपोआप ‘दुरुस्त’ करणारी सोय मात्र आपल्या गाण्यावर कोणी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती बारा ठरावीक घरांत स्वर ढकलते. मींड ही घरांच्या मधूनच जाते. दरबारी रागाचा गंधार त्या सोयीच्या हाती दिला तर त्याचं आंदोलन जिना उतरल्यासारखं होतं.

तर, मनासारखं रेकॉर्डिंग कधी झालं? तिसऱ्या वर्षी, जानेवारीत. बाहेर धुकं इतकं की समोरचा खांब दिसत नव्हता. रात्री दहाच्या सुमारास वीज गेली. शेजारचा टीव्ही थांबला, आमचा फ्रिज थांबला, रस्त्यावर धुक्यामुळे गाड्या नव्हत्याच. आत्या अंथरुणात होती. म्हणाली, “किती छान शांत झालंय गं.” मी टॉर्चच्या उजेडात तिला माडीवर नेलं, शाल पांघरली, रजयांच्या मध्ये बसवलं. लॅपटॉपची बॅटरी चाळीस टक्के होती. तिने केदार गायला, चोवीस मिनिटं. तिचा श्वास ऐकू येतो, तानपुऱ्याच्या तारेवर बोट टेकताना होणारा आवाज ऐकू येतो, आणि सम आल्यावर ती स्वतःशीच ‘हं’ म्हणते तेही. माईक तोच होता, पहिल्या वर्षी विहिरीतून बोलणारा.

आत्याला आता चौऱ्याऐंशीवं चालू आहे, ती तार सप्तकात जात नाही. मधल्या वर्षांत सत्तावीस बंदिशी झाल्या. सगळ्या डब्ल्यूएव्ही स्वरूपात, मिनिटाला साधारण आठ एमबी लागतात, दोन वेगळ्या डिस्कवर, त्यांतली एक भावाच्या घरी. फाइलच्या नावात तारीख, राग आणि सा लिहिलेला आहे. हे तेव्हाच लिहा, वर्षाने आठवत नाही.

तुमच्यासाठी माईक आपण निवडूच. खोली फारच गोंगाटाची निघाली तर कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक, म्हणजे फँटम पॉवर न लागणारा आणि लांबचे बारीक आवाज कमी टिपणारा माईक बरा, 1966पासून तयार होणारा शुअर कंपनीचा एसएम 58 चालेल. खोली शांत असेल तर साधा कंडेन्सरही सुंदर काम देईल. पण ते खोलीनेच ठरवायचं आहे. म्हणून आज रात्री जेवणं झाली, भांडी झाली की फोन घ्या, टाळी कोरडी वाजली त्या खोलीत उशीवर ठेवा आणि एक मिनिट नुसती खोलीच रेकॉर्ड करा. कोणी बोलायचं नाही. मग हेडफोन लावून ती फाइल ऐका, जे जे ऐकू येईल ते कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊन माझ्याकडे या.