मिओचिचचा डावा हात

रविवार, रात्री उशिरा

झोप येईना म्हणून स्टिपे मिओचिच आणि डॅनियल कॉर्मियरची दुसरी लढत परत लावली. यूएफसीची, म्हणजे पिंजऱ्यातल्या मिश्र मार्शल आर्ट्सची, जिथे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं. 17 ऑगस्ट 2019, अनाहाइम. निकाल तोंडपाठ आहे, तरी चौथी फेरी आली की मी सरसावून बसतोच.

तोवर पारडं कॉर्मियरकडे झुकलेलं. वर्षभरापूर्वी त्यानेच पहिल्या फेरीत मिओचिचला झोपवून विजेतेपदाचा बेल्ट नेला होता, आणि इथेही सुरुवातीलाच एवढ्या धिप्पाड गड्याला उचलून आपटला. चौथ्या फेरीत मिओचिचचा डावा हुक खाली उतरला. बरगड्यांच्या खालच्या कडेला, उजव्या बाजूला, थेट यकृतावर. कॉर्मियरचे हात डोकं सांभाळायला वरच. मग पुन्हा तोच ठोसा, त्याच जागी. आणि पुन्हा. यकृतावर बसलेल्या ठोशाचं एक क्रूर आहे: माणूस शुद्धीवर असतो, त्याला सगळं कळत असतं, फक्त श्वास अडकतो आणि पाय ऐकेनासे होतात. कॉर्मियर कमरेत वाकायला लागला, हात खाली आले, आणि जबडा उघडा पडला. पुढचं काम मिओचिचच्या उजव्या हाताने केलं.

अग्निशामक दलातल्या नोकरीची मिओचिचची गोष्ट खरी आहे, चॅम्पियन असतानाही तो ओहायोत ड्यूटीवर जायचा. पण समालोचकांनी ती इतकी उगाळली, की गड्याचं डोकं कसं चालतं हे बोलायचं राहूनच गेलं. हेवीवेट म्हणजे 120 किलोपर्यंतची माणसं. एक नेमका ठोसा बसला की खेळ खलास. म्हणून या वजनात बेल्ट कुणाकडे टिकत नाही. यूएफसीत सलग तीन वेळा राखला तो मिओचिचने, आणि तोच विक्रम ठरला. त्यातली तिसरी लढत जानेवारी 2018 मधली, फ्रान्सिस एन्गानूशी. त्याच्या ठोशाला सगळे टरकून होते. मिओचिचने त्याला दमवला, खाली पाडला, वर बसून राहिला. तिन्ही पंचांचे गुण 50-44, मिओचिचच्या बाजूने. (बघायला कंटाळवाणी लढत, मान्य. मला आवडते.)

2021 मध्ये त्याच एन्गानूने दुसऱ्या फेरीत हिशेब चुकता केला. त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ मिओचिच उतरलाच नाही, आणि उतरला तो थेट तेव्हाचा चॅम्पियन जॉन जोन्ससमोर, नोव्हेंबर 2024 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. जोन्सने गिरकी घेऊन पोटात लाथ मारली आणि संपलं. मिओचिचने पिंजऱ्यातच निवृत्ती जाहीर केली. त्या एका रात्रीवरून त्याला जोखणाऱ्यांशी वाद घालायचा मी सोडून दिलाय.

उद्या कॉर्मियरबरोबरची तिसरी बघायची, 2020 ची. या खेपेला नजर फक्त कॉर्मियरच्या यकृत झाकणाऱ्या उजव्या कोपरावर ठेवणार.