बिनचूक वही

चौथीतल्या एका मुलाची निबंधाची वही माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यात लाल शाईची एकही खूण नव्हती. निबंध चार-पाच वाक्यांचे, अक्षर नेटकं, आणि प्रत्येकाखाली जवळजवळ तोच शेरा : 'शुद्ध, पण फारच त्रोटक. विस्तार कर.' घरच्यांचं निदान आधीच झालेलं होतं, आळस. तोंडाची टकळी थांबत नाही आणि लिहायला बसवलं की पेन्सिल चघळत बसतो.

लेखनात अडखळणाऱ्या मुलांबरोबर काम करताना मला चुकांनी भरलेल्या वहीपेक्षा अशी कोरी-स्वच्छ वही जास्त खटकते. नऊ वर्षांचं मूल मोकळेपणी लिहीत असेल तर ते चुकणारच. ते मुळीच चुकत नसेल, तर काहीतरी टाळत असतं.

सुरुवात नेहमीप्रमाणे हातापासून केली. डोळ्यांची आणि कानांची तपासणी झालेली होती. पाय जमिनीला टेकतात का, कोपर टेबलाच्या उंचीला येतं का, कागद थोडा तिरका आहे का (उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा डावीकडे कललेला, डावखुऱ्याचा उजवीकडे), पेन्सिल टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर धरली आहे का, आणि पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवल्यावर उठाव लागतो का. उठाव लागला तर दाब जास्त आहे आणि हात लवकर दुखणार. यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. तरीही माझ्याकडे येण्याआधी कुणीतरी त्याच्या पेन्सिलीला रबरी पकड बसवली होती आणि रोज एक पान कित्ता गिरवायला लावला होता. आमच्या क्षेत्रात खापर सगळ्यांत आधी पकडीवरच फुटतं. तीन बोटांऐवजी चार बोटांनी धरणारी कितीतरी मुलं उत्तम लिहितात. हात दुखत नसेल आणि अक्षर वाचता येत असेल, तर पकडीला हात लावू नये.

मग एक मिनिट पाहून लिहिणं आणि एक मिनिट आठवणीतून अक्षरं लिहिणं. या दोन चाचण्यांतला फरक बोलका असतो. पाहून लिहिण्याचा वेग बरा आणि आठवणीतला फार कमी असेल, तर अक्षरं अजून हातात बसलेली नाहीत. मुलाचं सगळं लक्ष 'थ कसा काढायचा' यात जातं आणि वाक्य डोक्यातून निसटतं. याचे दोन्ही वेग वर्गातल्या इतरांसारखेच होते. शिरोरेषाही तो शब्द पूर्ण झाल्यावर एका दमात ओढायचा. काही मुलं ती प्रत्येक अक्षरावर वेगळी ओढतात आणि दर अक्षराला हात उचलण्यात वेळ घालवतात.

म्हणून एकच प्रसंग दोन प्रकारे घेतला. 'घरातली वीज गेली ती रात्र' हा विषय देऊन आधी त्याला बोलू दिलं आणि ते ध्वनिमुद्रित केलं. काही दिवसांनी तोच विषय लिहायला दिला. बोललेल्यातलं एक वाक्य असं : 'मेणबत्तीच्या प्रकाशात आमच्या सावल्या भिंतीवर एवढ्या मोठ्ठ्या दिसत होत्या, की माझ्या बहिणीला वाटलं, घरात दुसरीच माणसं आली आहेत.' आणि लिहिलेलं, सगळंच्या सगळं : 'घरात लाइट गेली. मी आणि आई खाली बसलो. आई दिवा घेऊन आली. आत उजेड झाला. मग लाइट आली.'

हे दोन मजकूर शेजारी ठेवल्यावर पहिल्यांदा फक्त लांबी डोळ्यांत भरते. मी शब्दाखाली शब्द लावून पाहिले. मेणबत्तीचा दिवा झाला होता, प्रकाशाचा उजेड, 'आम्ही'चं 'मी आणि आई'. सावल्या नाहीत, 'रात्री' नाही, 'म्हणून' नाही. १८ शब्द आणि एकही जोडाक्षर नाही. मागचे निबंध काढले, तिथेही तेच. खात्रीसाठी २० शब्द श्रुतलेखनाला दिले, निम्मे जोडाक्षरांचे, निम्मे बिनजोडाक्षरांचे. साधे दहाही बरोबर आले. जोडाक्षरांच्या दहांपैकी तीन लिहिले आणि सातांच्या जागी रेघ मारली. चूक करण्यापेक्षा त्याला जागा रिकामी सोडणं परवडत होतं.

मराठीत जोडाक्षर टाळायचं म्हणजे काय काय सोडावं लागतं, हे एकदा स्वतः पाच ओळी लिहून बघावं. 'आईच्या हातात' लिहिता येत नाही, कारण 'च्या'. 'होत्या', 'गेल्या', 'आल्या' नाहीत. 'नव्हता' नाही. 'जेव्हा-तेव्हा' गेलं, 'म्हणून' गेलं, 'म्हणाली' गेलं. उरतात 'आणि', 'पण', 'मग', 'कारण'. एवढ्यावर वाक्याला वाक्य जोडणार कसं? ज्याला सगळे त्रोटक म्हणत होते, ते मूल प्रत्येक शब्द लिहिण्याआधी मनात तपासून बिनधोक पर्याय शोधत होतं. वाक्य रचतानाच हे सगळं चालायचं. प्रौढ लेखकालाही हे तासभर जमणार नाही. याला आळस म्हणणाऱ्यांनी ती वही नीट वाचलेली नव्हती.

हे करतोस का, असं विचारल्यावर त्यानं सरळ सांगितलं, 'चुकलं की दहा वेळा लिहावं लागतं. म्हणून येतात तेच लिहितो.' हिशोब चोख होता. दहा चुका म्हणजे शंभर शब्द.

दहा वेळा लिहिण्याच्या या शिक्षेबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण एकच सांगते. ती पूर्ण झालेली पानं बघा. बहुतेक मुलं शब्द लिहीतच नाहीत. आधी 'आ' वरून खाली दहा वेळा, मग त्याशेजारी 'श्च' दहा वेळा, मग 'र्य'. शब्द शब्द म्हणून हातातून एकदाही जात नाही. वेळ जातो, राग येतो आणि पुढच्या वेळी 'आश्चर्य' ऐवजी 'नवल' येतं.

आम्ही जोडाक्षरं तक्त्याच्या क्रमानं न घेता उपयोगाच्या क्रमानं घेतली. आधी 'य'चं कुटुंब : च्या, ल्या, त्या, ज्या. यांत एकेक जोडी शिकली की डझनांनी शब्द सुटतात. मग 'ह' : आम्ही, तुम्ही, म्हणून, जेव्हा, नव्हता. त्यानंतर अर्धं अक्षर कसं होतं, ते हातानं. ग, च, त, प, म, स यांचा उभा दंड काढला की अर्धं अक्षर मिळतं. क आणि फ यांचं उजवीकडचं वळण तोडायचं. ट, ठ, ड, द, ह यांना शेवटी दंडच नाही, म्हणून तिथे पाय मोडायचा किंवा एकाखाली एक लिहायचं. हा फरक मुलांना कुणी सांगतच नाही. 'द्ध' आणि 'ध्द' यांत गोंधळ होतो तो याच ठिकाणी. तिथे आधी हळू बोलायला लावायचं आणि पहिला आवाज कुणाचा ते विचारायचं. 'र' मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याची रूपंच चार : प्र, ट्र, र्य आणि ऱ्य. त्यांत रफार सगळ्यांत उलटा. 'सूर्य' म्हणताना र आधी येतो, लिहिताना मात्र य काढून झाल्यावर त्याच्या डोक्यावर चढतो. पहिल्या वेलांटीचीही तऱ्हा तशीच, ऐकू नंतर येते आणि लिहायची आधी.

याच्या जोडीला कच्ची वही. तिचे नियम मोजकेच. एक ओळ सोडून लिहायचं. वाक्य आधी मोठ्यानं बोलायचं, बोटांवर शब्द मोजायचे, मग लिहायचं. शंका आली तर ऐकू येतं तसं लिहून खाली ठिपका द्यायचा आणि पुढे जायचं. खोडरबर टेबलावर नाही. शेवटी ठिपक्यांपैकी तीनच शब्द त्यानं निवडायचे, तेवढेच दुरुस्त करायचे. बाकीच्यांकडे मी पाहायचंसुद्धा नाही. मोजायचं ते एकच : किती जोडाक्षरं लिहायचा प्रयत्न झाला. बरोबर की चूक, ते मोजायचं नाही.

ठिपक्यांना तो आधी बिचकला. ठिपका म्हणजे कबुलीच, असं त्याला वाटत असावं. मग एक पूर्ण पान आलं. त्यात 'रातरी' होतं, 'मेनबती' होतं, 'जेवा' होतं, आणि भिंतीवरच्या सावल्या 'सावलया' होऊन आल्या होत्या. मला त्या पानाचा फार आनंद झाला. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये, शाळेत न शिकता स्वतःच्या मनानं स्पेलिंग करणाऱ्या लहान मुलांचं लेखन तपासून दाखवलं होतं की त्या चुका वाटेल तशा नसतात, मुलाच्या कानानं आवाजांची केलेली ती फोड असते. 'सावलया'त 'ल' आहे, 'या' आहे, क्रम बरोबर आहे. चुकलंय ते फक्त 'ल' अर्धा करायचं. 'जेवा'त 'ह' ऐकूच आलेला नाही. पहिली चूक एका बैठकीत सुटते. दुसरीसाठी आधी कानाचं काम, मग हाताचं.

घरी हेच पान पाहून धक्का बसला. 'आधी शुद्ध लिहायचा, तुमच्याकडे येऊन बिघडला.' यावर माझ्याकडे चटकन पटेल असं उत्तर नसतं. 'ल्या' बसला की 'सावल्या' आपोआप येतात, पण मध्ये हा पसारा दिसणारच. पसारा नको असेल तर 'आत उजेड झाला' इथेच थांबावं लागेल.

प्रकरण अजून संपलेलं नाही. आता तो लिहायला बसण्याआधी विचारतो, 'हे कोण तपासणार आहे?' मी तपासणार म्हटलं की दोन पानं, ठिपक्यांसकट. शाळेत जाणार म्हटलं की पाच वाक्यं, जोडाक्षरं फक्त पक्की झालेली. त्याच्या जागी मीही बहुधा तेच केलं असतं, कारण परीक्षेत प्रत्येक चुकीला अर्धा गुण जातो आणि न लिहिलेल्या वाक्याचा वेगळा गुण कुणी कापत नाही. त्याच्या शिक्षिकांना मी एवढंच मागितलं होतं की निबंधात सध्या मजकुराचे गुण आणि शुद्धलेखनाचे गुण वेगळे द्यावेत, आणि दहा वेळा लिहायला लावणं बंद करावं. दुसरं त्यांनी लगेच मान्य केलं. पहिल्याबद्दल म्हणाल्या, गुणांचा तक्ता वरून येतो.